चार पानांचा नेम

महाराजांच्या राज्यातली ती शेवटची काही वर्षं. तिकडे विलायतेत पहिली मोठी लढाई पेटली होती आणि आमच्या भागातली कितीतरी पोरं पलटणीबरोबर समुद्रापार गेली होती. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. एका लांबट खोलीत तीन इयत्ता बसायच्या. एकीकडे पाढे, दुसरीकडे कविता, कोपऱ्यात शिवण. संध्याकाळी घरी पोचायचे तेव्हा घसा बसलेला असायचाच, वर कुणाशी बोलायची इच्छाही उरलेली नसायची.

घरी वडील होते. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं हे शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. मी सोळाची असताना नवरा गेला, तेव्हा लोकांचं न ऐकता त्यांनीच मला शिकवून पायावर उभं केलं होतं. त्यामुळे त्यांच्या सेवेचं ओझं वाटतं असं म्हणायची मला लाज वाटायची. पण ओझं होतंच.

या सगळ्यात मी एक कादंबरी लिहीत होते. सकाळी वडील जागे व्हायच्या आधी तासभर मिळायचा, तेवढाच. रोज चार पानं लिहायची असा नेम मी केला होता. नेमाची कल्पना वडिलांचीच म्हणायची. ते दरबारच्या दफ्तरात नकला उतरवायचं काम करत. पन्नास ओळी झाल्याशिवाय ते बैठकीवरून उठत नसत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांच्या पन्नास ओळी, माझी चार पानं. न होण्यासारखं त्यात काय होतं?

होत नव्हती. एखाद्या दिवशी दोन व्हायची, एखाद्या दिवशी अर्धं पान, तेही दुसऱ्या दिवशी खोडायचं. म्हणून मी स्वतःला शिक्षा लावून घेतली: चार पानं झाली नाहीत तर रात्री जेवायचं नाही. श्रावण होता. आमच्यासारखीनं जेवण टाळलं तर उपवास असेल असंच कुणीही धरून चालायचं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. उपाशी रात्री वाढत गेल्या, पानं काही वाढली नाहीत. रिकाम्या पोटी सकाळी कागदासमोर बसलं की अक्षरं डोळ्यांपुढे हलायची, आणि मी स्वतःलाच म्हणायचे, तू आळशी आहेस, तुझ्यात दम नाही, बाकी काही नाही.

एके दिवशी दुसरीच्या मुलींना फळ्यावर बेरीज घालून देताना मी खाली कोसळले. मुलींनी तोंडावर पाणी मारलं, मोठ्या बाईंनी टांग्यातून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या मावशी आल्या. गावाबाहेरच्या मळ्यातून त्या म्हैस घेऊन यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर धार काढून द्यायच्या. आवाज असा की अख्ख्या गल्लीला जाग यावी. शाळेतली बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"काय झालंतं वो बाई?"

"काही नाही मावशी. जरा चक्कर आली."

"जेवला न्हाईसा व्हय?"

का कोण जाणे, त्या दिवशी मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. कादंबरी, चार पानं, शिक्षा. त्यांनी धार काढायची थांबवली.

"आन् ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी?"

"कुणी नाही. मीच."

"अवो, म्हस आटली म्हनून तिची वैरण बंद करत्यात व्हय? आटल्यावर तर वाईच जास्तच घालावी लागती की! शिकल्या सवरल्या बाई तुमी, आन् एवढं कळंना?"

मला राग आला. माझ्या लिहिण्याची तुलना म्हशीशी! मी दुधाचं भांडं उचलून आत गेले. आत खाटेवर वडील जागे होते. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांना एक वाक्य बोलायला फार वेळ लागायचा, मी वाट बघत उभी राहिले.

"त्या ओळी... दुसऱ्यांच्या होत्या," ते म्हणाले. "समोर कागद असायचा. बघून... उतरवायच्या." मग बराच वेळ थांबून, "तुझ्यासमोर काय आहे?"

त्या रात्री मी जेवले. नेम मात्र लगेच सुटला नाही. शिक्षा गेली तरी अपराध्यासारखं वाटायचं ते वाटायचंच.

मावशींचा थोरला मुलगा पलटणीत होता, बसऱ्याकडे कुठंतरी. आधी त्यांच्या भावकीतलं कुणी त्याला पत्र लिहून द्यायचं, ते माणूस आजऱ्याकडे निघून गेलं. तेव्हापासून दर रविवारी धारा आटोपून मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. त्या सांगायच्या, मी लिहायचे. म्हैस व्याली, रेडी झाली. विहिरीला पाणी हाय. धाकटीला बघायला पावणं येऊन गेलं. जसं सुचेल तसं, कशाचा कशाला मेळ नाही.

एका रविवारी त्या बसल्या आणि काहीच बोलेनात. मी टाक घेऊन थांबले.

"सांगा ना मावशी."

"आज न्हाय काय येत तोंडातनं."

"मग राहू दे. पुढच्या रविवारी लिहू."

"ऱ्हाऊ दे कशाला? तसंच लिव्हा की. आज काय येत न्हाय म्हनावं. आई बरी हाय. फुडल्या आयतवारी बगू."

मी तेवढंच लिहिलं. पोस्टकार्डाचा तीन चतुर्थांश भाग कोरा राहिला. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं, समाधानानं कनवटीला खोचलं आणि म्हैस हाकत टपालाच्या कचेरीकडे गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी असं काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी त्या परत आल्या, तेव्हा सांगायला भरपूर होतं.

मी त्यांच्यासारखं करायला लागले. चार ओळी झाल्या तर चार. झाल्या नाहीत तर कालचं वाचून कागद आवरून ठेवायचे आणि चहा टाकायचा. यानं काही चमत्कार घडला नाही. कादंबरी गोगलगायीसारखी सरकत होती, आणि कित्येकदा मला तिचा कंटाळा यायचा, तिच्यातली माणसं नकोशी व्हायची. पण आता दुसऱ्या दिवशी परत बसायची भीती वाटत नसे.

मग तापाची साथ आली. शाळा बंद झाली. मी महिना दीड महिना अंथरुणाला खिळले. वडिलांना भरवायला मावशी येत, येताना मला पेज आणत. एक अक्षर लिहिलं नाही त्या दिवसांत. पडल्यापडल्या मी स्वतःला फक्त एवढंच म्हणायचे, आधी बरी हो.

लढाई संपली तरी मावशींच्या मुलाची खबर नव्हती. त्या येत राहिल्या, मी लिहीत राहिले. शेवटी एका दुपारी तो आला, एका पायानं लंगडत, हाडांचा सापळा होऊन. त्याला घेऊन मावशी माझ्याकडे आल्या. मी विचारलं, पत्रं मिळत होती का?

"चार मिळाली," तो म्हणाला.

दीड दोन वर्षांचे रविवार, आणि चार. मावशी मात्र मोठ्यानं हसल्या. "चार मिळाली न्हवं! लई झालं की!"

कादंबरी त्यानंतर आणखी तीन वर्षांनी पुरी झाली. सकाळची वेळ होती. शेवटचं पान मी वडिलांना वाचून दाखवलं. आनंद होईल असं वाटलं होतं, पण मला नुसता थकवा जाणवत होता, हाडापर्यंत. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"दमलीस," ते म्हणाले.

"हो."

"नीज जरा."

मी शाळेत निरोप पाठवला आणि भर दिवसा झोपले. पुढे गावातल्याच एका छापखान्यात पुस्तक छापून निघालं. थोड्या लोकांनी वाचलं, काहींनी नावं ठेवली, उरलेल्या प्रती बरीच वर्षं माझ्या माळ्यावर होत्या. दुसरं पुस्तक सुरू करायला मला वर्ष लागलं. त्या वर्षी मी रोज रात्री वेळेवर जेवले.