एकशे चाळीस पावलांचा काळोख

दिवा लागला तो सगळे ज्याला पासपोर्ट म्हणत त्याच्यामुळेच. त्याने फक्त गाडीचं दार उघडलं आणि छताचा दिवा आपसूक लागला, हे खरं. पण त्या दिव्यावर कप्तानने सगळ्यांदेखत चिकटवलेली काळी पट्टी दुपारी गुपचूप सोलणारा हातही त्याचाच होता. त्यामुळे 'आपसूक' या शब्दाआड लपायला काही जागा नव्हती.

चहूबाजूंना वाळू, जवळचं गाव दोन तासांवर. अशा काळोखात तो बोटभर दिवा गोदामाला आग लागावी तसा भडकला. तिवयांवर चार कॅमेरे आभाळाकडे तोंड करून, एकेका फोटोसाठी बराच वेळ डोळे उघडे ठेवून बसले होते. त्या चौघांनी उजेड घटाघटा पिऊन टाकला.

"बंद कर! अरे, बंद कर ते दार!" कप्तान ओरडला. कप्तान म्हणजे दोन-चार माणसं जमवून त्यांना ताऱ्यांचे फोटो काढायला वाळवंटात आणणारा गडी. गाडीही तोच चालवायचा, स्वयंपाकही तोच करायचा आणि शिव्याही तोच द्यायचा.

"संपलं. आता चंद्राचाच फोटो काढला म्हणून सांगू," टायरचं दुकान असलेला म्हणाला.

"माझी चाळीस मिनिटं गेली," दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज चढवलाच नाही त्यांनी. चढवला असता तर पासपोर्टला बरं वाटलं असतं.

"चुकून झालं हो," तो पुटपुटला. पट्टीचा गोळा खिशात त्याच्या मुठीत होता.

पासपोर्ट हे नाव त्याचं त्यानेच ओढवून घेतलेलं. पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणाला होता, "मी पासपोर्टचे फोटो काढतो." झालं, बारसं उरकलं. कोपऱ्यावरचं एक खोलीचं दुकान, मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, दोन बाजूंना दोन दिवे. बारा वर्षं तो लोकांना "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका" असं सांगत आला होता. गेली तीन वर्षं मात्र त्या स्टुलाला त्याच्या नडगीचा फारच लळा लागला होता. समोर बघत चालला की स्टूल लागायचं, स्टूल बघून चालला की दिव्याचा खांब लागायचा. गिऱ्हाईक हसलं तर तोही हसायचा. "आमची जुनी दोस्ती आहे," म्हणायचा.

हसणं दुकान बंद होईपर्यंत पुरायचं. नंतर मामा आठवायचा.

मामा शिंपी. तिशी ओलांडली आणि संध्याकाळनंतर भिंत चाचपत चालायला लागला. नातेवाइकांनी आधी दारूचा संशय घेतला, मग आळसाचा. चाळिशीत त्याला सुईत दोरा ओवता येईना, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तो दारातल्या खुर्चीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायला लागला. "मामाचं भाच्याला जातं," असं एक मावशी लग्नकार्यात सहज, तोंडात घास असताना बोलून गेली होती. पासपोर्टच्या घशातला घास तेव्हापासून तिथेच होता. यंदा त्याला चौतिसावं लागलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं हा सरळ मार्ग. पण डॉक्टर कागद देतो, आणि कागदावर लिहिलेलं खरं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून त्याने स्वतःच एक परीक्षा शोधून काढली. शहरात तारे कुणालाच दिसत नाहीत, तेव्हा आपल्याला दिसत नाहीत हा काही पुरावा नव्हे. जिथे सगळ्यांना दिसतात तिथे जायचं. तिथे दिसले, तर डोळे ठणठणीत. कप्तानच्या जाहिरातीत 'आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी' असं लिहिलेलंच होतं. तो राहायचा ताईकडे; तिला सांगितलं, "धंद्यात नवीन काहीतरी शिकून येतो." ताई म्हणाली, "ये." तिने जास्त काही विचारलं नाही. एरवी भाजी आणायला निघाला तरी चार प्रश्न विचारणारी बाई ती.

दिसले नाहीत, तर काय? त्याने परीक्षा काढली होती, पण नापास झालेल्याचं पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

पहिल्या रात्री कप्तान म्हणाला होता, "वीस मिनिटं थांबायचं. डोळे सरावतात." वीस मिनिटांनी टायरवाला "अरे बाप रे" म्हणाला. डॉक्टरबाईंनी नुसता श्वास आत घेतला. पासपोर्ट चाळीस मिनिटं थांबला. त्याच्यासमोर कुणीतरी काळं कापड धरलं होतं आणि त्याला चार-दोन भोकं होती. कुठेतरी उजेडात जाऊन बसावं, त्यासाठीच तर दुपारी पट्टी सोलून ठेवली होती, म्हणून तो चाचपडत गाडीकडे गेला, आणि पुढचं रामायण झालं.

दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून चहा त्याने केला. "दिवा लावतोस तसा चहा करू नकोस, सगळ्यांना दिसेल इतका पांढरा," टायरवाला म्हणाला. संध्याकाळी, उजेड होता तोवर, कप्तानने रिवाजाप्रमाणे गाडीपासून कॅमेऱ्यांपर्यंत टाचेने वाळूत चर ओढला. "रात्री या रेषेत पाय ठेवून चालायचं. पांढरा दिवा लावणाऱ्याला मी इथेच पुरेन." पासपोर्टने रेषेवरून दोनदा ये-जा केली. एकशे चाळीस पावलं. कुणी बघत नाही असं पाहून तिसऱ्यांदा डोळे मिटून चालला.

मध्यरात्रीच्या सुमारास थंडीने त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी मेली. नवी गाडीत होती. तो निघाला. हातातला, फोटो न नासवणारा लाल दिवा त्याला फक्त स्वतःचा हात दाखवत होता. बावन्न पावलांपर्यंत चर पायाला लागत होता. त्रेपन्नावं पाऊल सपाट वाळूत पडलं. चौपन्नावंही. त्याने पायाने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. तासाभरापूर्वी वारा सुटला होता, तो रेषा पुसून गेला होता.

तो मागे वळला. मग वाटलं, जरा जास्तच वळलो. परत थोडा वळला. आता गाडी कुठे आणि माणसं कुठे, काही उमगेना. त्याची पाचावर धारण बसली. वर, खाली, समोर, सगळीकडे एकच रंग होता. मामाला असंच दिसत असेल, असं मनात आलं, आणि तो वाळूत खाली बसला.

जाकिटाच्या खिशात पांढरा टॉर्च होता. बटणावर अंगठाही गेला. पण डॉक्टरबाईंचा कॅमेरा संध्याकाळपासून उघडा होता, कालचं भरून काढायला. त्यांचा फोटो परत कसा नासवायचा, असं त्याने स्वतःला सांगितलं. हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की दिवा लावला तर "का लावलास?" असं तिघं विचारतील, आणि या वेळी उत्तर द्यावं लागेल.

"कोणी आहे का?" त्याने हाक मारली. आवाज मांजराच्या पिलाचा निघाला.

"तिथेच थांबा. हलू नका." डॉक्टरबाई. पावलं जवळ आली, अगदी लगेच. "मी गाडीकडून येत होते, वीस पावलांवर होते. तुम्ही वळलात तेव्हापासून हात करत होते. मला वाटलं, कालच्या रागाने बघत नाही आहात."

वीस पावलं. माणूस समोर उभा राहून हात करत होता.

"वर बघा," त्या म्हणाल्या. "काय दिसतं?"

"तारे."

"किती?"

त्याने खरोखर मोजले. "अकरा. एक हलतोय, ते विमान असेल."

मग त्याचा हात धरून त्यांनी तो आभाळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. "इथून इथपर्यंत धुरासारखा पट्टा आहे. हे दिसत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तीन वर्षं. घरात मामाला होतं." तोंडातून निघून गेलं. त्यांनी स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला.

"हे बघा, मी दातांची डॉक्टर. डोळ्यांतलं मला तुमच्याइतकंच कळतं. पण 'दुखत नाही' म्हणत किडलेली दाढ घेऊन घरी बसणारा माणूस मी लांबून ओळखते. 'गेलो की काढायला सांगतील' म्हणून येतच नाही. आणि येतो तेव्हा खरंच काढावी लागते."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो परत आला. बॅटरी कप्तानने आणून दिली. बॅटरी मरण्याआधी काढलेला फोटो त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. पडदा तांदूळ सांडल्यासारखा ताऱ्यांनी भरला होता. फोटो त्यानेच काढला होता. तो पुन्हा वर बघायला धजला नाही.

सकाळी परतीच्या वाटेवर फोनला रेंज आली तशी त्याने कप्तानला गाडी थांबवायला लावली आणि ताईला फोन केला. "ताई, एक सांगायचं होतं. मला रात्रीचं..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुला काय वाटलं, पॅसेजमधला दिवा मी रोज रात्री बंद करायला विसरते?" ताई म्हणाली. "आणि लाइटचं बिल बघून तुझे भावजी माझ्यावर खेकसतात, ते उगाच?"

त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. झालं उलटंच. आतापर्यंत ती त्याची एकट्याची शंका होती. आता घरात दोघांना दिसत होती.

बुधवारी ताई त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं, आणि उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. हनुवटी टेकवा, समोर बघा, हलू नका. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो स्टुलावर बसला होता. यंत्र टिक करायचं. ठिपका नसायचा. पुन्हा टिक. पुन्हा नाही. न दिसलेल्या ठिपक्यांचे आवाज तो मोजत गेला, आणि तीसनंतर मोजणं सोडून दिलं. तळहाताच्या घामाने बटण निसटायला लागलं.

"मामांचं सांगताय, तेच आहे," डॉक्टर म्हणाले. "अंधार कडेने आत येतोय. मधलं अजून चांगलं आहे."

"किती दिवस?"

"दिवस नाही, वर्षं. किती, ते आत्ता सांगितलं तर खोटं सांगेन. सहा महिन्यांनी या, मग वेग कळेल."

ताईने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं, तरी तिने ते सोडलं नाही, आणि त्यानेही सोडवून घेतलं नाही.

दुकानातल्या स्टुलाच्या पायांना आता पिवळी पट्टी आहे. डॉक्टरबाईंचा मफलर ताईने धुऊन दिला. तो कागदात गुंडाळून, वर पत्ता लिहून तयार आहे. सोबत डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले त्याच्या दोन ओळी लिहायला हव्यात, एवढंच राहिलंय. कुरियरवाला दोनदा येऊन गेला.

"नंतर ये," पासपोर्ट दोन्ही वेळा म्हणाला.