बांधातला खेकडा आणि काकांची नडगी

मागच्या रविवारी साजगावला काकांकडे गेले होते. पाणी घ्यायला उठले, तर फ्रिजवर गोळ्यांची पाकिटं दिसली... निम्म्याहून जास्त तशीच.

काका तिथल्याच एका कारखान्यात कामाला आहेत. गेल्या वर्षी बाईकवरून पडून त्यांची नडगी मोडली, आत रॉड बसवला. यंदा तिथून पू यायला लागला. हाडातच इन्फेक्शन निघालं. ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे अँटिबायोटिक घ्यायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात जखम सुकली. काकांनी कोणाला न विचारता गोळ्या सोडल्या. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते ड्युटीवर जाणार होते.

माझी पीएचडी हाडाच्या पेशी आणि जंतू यांवरच आहे, म्हणून समजावायला बसले. या पेशी जंतूंना ओळखतात, रासायनिक संदेश सोडून संरक्षक पेशींना बोलावतात. पण काही जंतू त्याच पेशींच्या आत शिरून गप्प बसतात. आणि ते संदेश फार दिवस चालू राहिले, की हाड विरघळवणाऱ्या पेशीही कामाला लागतात.

"हाडाला काय कळतंय गं?" काका म्हणाले. मी मोबाईलवर मायक्रोस्कोपमधून काढलेला या पेशींचा फोटो दाखवला. "रांगोळी बरी हाय," ते म्हणाले.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बांधाचं पाणी गळायचं थांबलं, की खेकडा मेला म्हणता का तुमी?"

भाताच्या बांधात खेकडा बीळ करतो, पाणी निसटतं. बाहेरून चिखल थापला की गळती थांबते, खेकडा आतच असतो.

"आन् त्याला काढाया उकरत बसलं, तर बांधच जातो," काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "डॉक्टरला फोन लाव."

उपमा शंभर टक्के बरोबर नाही, हे सांगायला हवं. पण मला तोवर एकही सुचली नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, गोळ्या परत सुरू केल्या. ड्युटी लांबली. पाय पूर्ण बरा होईल का, ते अजून कळायचंय.

निघताना काकू म्हणाल्या, "हे शिकतेस व्हय? कधी बोलली नायस."

घरच्यांना यातलं काही कळणार नाही, असं मी तीन वर्षं गृहीत धरलं होतं... तपासून मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.