आई घामाघूम होऊन आली
पाणी मारलेल्या गवताचा वास आला की मला कारेलीबागेतली ती सकाळ आठवते. बाबा गेल्यावर मी आईला माझ्याकडे बडोद्याला आणलं होतं. तिच्या आवडीचं करून घालायचे, कशाला हात लावू द्यायचे नाही, तरी ती दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायची. मग शेजारच्या गुजराती मावशी तिला ओढून बागेत व्यायामाला नेऊ लागल्या. आठवड्याभरानं मी दूध आणायला निघाले, तर बागेच्या कठड्यापलीकडे आई दिसली. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद, हात वर करून उड्या मारत ती खळखळून हसत होती. "चालो बेन, हजी एक वार!" मावशी ओरडल्या आणि आईनं पुन्हा उडी मारली. माझा नुसता जळफळाट झाला. ती घरी आल्यावर मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझ्याजवळ कधी अशी हसली नाहीस." घाम पुसत आई म्हणाली, "अगं, तू मला आजाऱ्यासारखं बसवून ठेवलंस. तिथं अंग हललं आणि छातीवरचं ओझंच उतरलं." आई पुढे बरीच वर्षं मजेत जगली. त्या मावशींशी मात्र मला अजूनही धड बोलता येत नाही.