दोन तारा आणि एक परवा

गाणे सुरू होण्यापूर्वीची ती सळसळ! हेडफोन कानांवर चढवून डोळे मिटले, की प्रथम तीच येते. दूर कुणाच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडावेत तशी मंद, कोरडी, एकसुरी. जुन्या कॅसेटचा तो श्वास आहे. मुलीने ती कॅसेट संगणकात उतरवली, तेव्हा गाण्याबरोबर तोही उतरला. मग त्या सळसळीपलीकडे पंखा फिरू लागतो, विद्यापीठाच्या झाडीतून मोराची केका उठते आणि शैला हलकेच घसा साफ करते. शैला, माझी पत्नी. तिला जाऊन बरीच वर्षे झाली. पण हैदराबादेतल्या विद्यानगरच्या आमच्या या खोलीत दुपार कलली, की ती रोज एकदा घसा साफ करते.

ऐकण्याचा माझा संसार लहानसा आहे. टेबलावर दोन डब्या: एक संगणकातल्या आकड्यांचा आवाज करते, दुसरी त्या आवाजाला हेडफोनपुरते बळ देते. या दोघींना जोडणाऱ्या वीतभर केबलने गेले काही दिवस माझ्या डोक्यात घर केले होते. वरच्या मजल्यावरचे मझहरभाई कचेरीतले माझे जुने सोबती, आणि या शौकातले गुरूही, वैरीही. आपली चांदीचा मुलामा दिलेली केबल माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, “मियाँ, तुमारे तांबे के तार में आवाज सोती. ये लगाके देखो, उठके बैठती!”

आणि मी वेड्यासारखा लावून पाहू लागलो. कधी तांबे, कधी चांदी, पुन्हा तांबे. तांब्याच्या तारेतून शैलाचा स्वर कसा उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखा ऊबदार येई, आणि चांदीतून येई तेव्हा त्याला रेखीव कडा फुटत, मोर झाडीत आणखी आत सरके, पंख्याचे प्रत्येक पाते निराळे फिरे. की हा नुसता भास होता? धातूच्या एका धाग्यात एवढे सामर्थ्य असते का हो? की आपल्याला जे ऐकू यावेसे वाटते, तेच आपण ऐकत बसतो आणि श्रेय मात्र तारेला देतो?

खरे सांगू? मला मोराशी काही कर्तव्य नव्हते, पंख्याशीही नव्हते. माझा जीव अडकला होता तो अगदी शेवटी. ते तिच्या आजोळचे झोपाळ्यावरचे गाणे. ती दोन कडवी गाते, तिसऱ्यापाशी थांबते, एकच शब्द बोलते, आणि खट् असा आवाज होऊन कॅसेट संपते. तो पुसट शब्द मला नेहमी ‘पुरे’ असा ऐकू येई. तिचा दुसरा कुठलाही आवाज माझ्यापाशी नाही. इतक्या सुरेल बाईने मागे ठेवलेला शेवटचा शब्द ‘पुरे’ असावा? गाणे पुरे, की मी पुरे? चांदीने तेवढे एक उकलून सांगावे, एवढीच माझी आस होती.

रविवारी ऋता आली. आमची ही लेक याच शहरात वाढली. मराठी बोलते झरझर, वाचताना मात्र दर ओळीला अडखळते, आणि माझ्या केबलींना ‘बाबांचे साप’ म्हणते. मी शेवटच्या शब्दाचे माझे दुखणे तिला सांगितले. तिने हेडफोन चढवला, शेवटपर्यंत ऐकले आणि ती हसूच लागली. “पुरे काय बाबा? आई ‘परवा’ म्हणतेय. क्लिअर आहे की!” डब्यांना तेव्हा माझी जुनी तांब्याची तारच जोडलेली होती. घाईघाईने मी चांदीची लावली. “सेमच आहे,” ती म्हणाली.

परवा! मी पुण्याचा, आमचा परवा पंचांगाला बांधलेला, उद्यानंतर निमूटपणे उगवणारा. शैला इथल्याच मलकपेठची, पिढ्यान्‌पिढ्या दखनी उर्दूच्या शेजारात नांदलेल्या मराठी घरातली. तिथे होऊन गेलेली कुठलीही गोष्ट ‘परसों’ झालेली असते, आणि तिच्या माहेराने तीच ऐसपैस मोकळीक मराठी परव्याला दिली होती, मागेही आणि पुढेही. लग्न नवे असताना ती म्हणाली होती, परवा मामांकडे जाऊ. मी त्या दिवशी रजा घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून सकाळपासून पलंगाच्या कडेवर बसलो! हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आले. “नक्को हो असं! परवा म्हणजे काय परवाच का?”

आईच्या भाषेत वाढलेल्या कानाला जे सहज कळले, ते मी धातूंना विचारत बसलो होतो. आता तांबे लावा की चांदी, मला ‘परवा’च ऐकू येते, दोन तारांची तुलना माझ्याकडून कायमची बिघडली. आणि मला फार आनंद झाला आहे, अगदी रडू यावे इतका. तिसरे कडवे तिने नाकारलेले नाही, फक्त पुढे ठेवले आहे.

आज दुपारी पुन्हा डोळे मिटले. सुपातले तांदूळ सळसळले, मोर बोलला, शैला गायली, थांबली, बोलली, खट् झाले. डोळे उघडले, तर दारात मझहरभाई उभे. कोणती तार जिंकली आणि त्यांची तार परत कधी मिळणार, हे त्यांना हवे होते.

“परवा सांगतो,” मी म्हणालो. “तारही परवाच देतो.”

“हौ,” म्हणून ते सावकाश जिना चढू लागले. हैदराबादचे गृहस्थ, कोणता वार, ते त्यांनी विचारले नाही.