डाळिंबी तुकडा

ईरा, अर्णव, तुमचे आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खुटबावला त्यांच्या धाकट्या भावाकडे, आप्पांकडे गेले होते. सकाळी शिरूरहून निघताना आजोबा प्रिंटरसमोर बसलेले. फोटो बघायला मागितला तर म्हणाले, "शाई तर वाळू दे की. संध्याकाळी दाखवतो." आप्पांनी गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा ट्रेमध्ये ईरा हसत होती, शाई वाळलेली...

तुम्ही तिकडे लांब, त्यामुळे तुमचं लहानपण आम्ही फोटोंतच पाहिलं. प्रिंटर आणला तो त्यासाठीच. पहिल्या फोटोत, ईरा, तू वांग्यासारखी जांभळी आलीस. मी माहितीपुस्तिका वाचून काढली. कागद चकचकीत आणि सेटिंग साध्या कागदाचं, ते बदललं. स्क्रीन फार उजळ होता, तो मंद केला. फोटो सुधारले, पण आजोबांचं समाधान होईना. "झ्याक आलाय. पण पोरगी अशीच हाय का, कोण सांगणार?" त्यांनी तुला अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं ना.

मी तुला डाळिंबी कापडाचा फ्रॉक शिवून पाठवला होता. उरलेला तुकडा त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून उचलला आणि तुझ्या बाबाला फोनवर फर्मान सोडलं, फ्रॉक घालूनच फोटो काढ. मग छापलेला फोटो वाळला की ओट्यावर उजेडात न्यायचा, फ्रॉकशेजारी तुकडा धरायचा, लाली जास्त वाटली की आत येऊन कमी करायची, पुन्हा छापायचा. "कापड जुळलं की पोरगी जुळली!" तुकडा एकदा मी खिडकीत विसरले तर केवढे ओरडले! "मॅडम, उन्हानं विटला तर नात बदलंल माझी!"

तुम्ही आलात तेव्हा त्यांनी ईराला लगेच उचललं नाही. आधी फोटो आणून तिच्या गालाशी धरला. बराच वेळ पाहत राहिले... "हीच हाय," म्हणाले, आणि मग उचललं.

दहाव्यासाठी स्टुडिओतून मोठा फोटो करून आणला. त्यात आजोबा गोरेपान, ओठ गुलाबी. छान दिसतात, राहू द्या, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. आप्पा मात्र म्हणाले, "वहिनी, ह्यो कोण पाव्हणा आणलाय? आमचा दादा तर तव्यासारखा काळा!" त्या घरात किती दिवसांनी हसू आलं. हसता हसता माझं ठरलं, भिंतीवर पाहुणा नको.

तुम्ही आला होतात त्या भेटीतला एक फोटो होता, फ्रॉक घातलेली ईरा आजोबांच्या मांडीवर. तुकडा त्यांनी काळ्या कागदात घडी करून जपला होता. त्यांनी मागे ठेवलेल्या सगळ्यात मला तोच मोलाचा वाटतो. मी छापत गेले, ओट्यावर नेत गेले. कागद पुष्कळ वाया गेले. पण फ्रॉक कापडाशी जुळत गेला तसतसे मांडीचे धनीही आपल्या रंगावर येत गेले, रापलेलं कपाळ, काळसर ओठ...

शेवटचा सकाळी छापला. लगेच हात लावला नाही. शाई वाळू दिली. संध्याकाळी पाहिला.