पुन्हा रसाच्या दांड्याला

बेळगावच्या ज्या फाउंड्रीत मी पंपांच्या कवचांसाठी वाळूचे साचे भरायचो, तिथं माझ्याएवढा आडमाप माणूस दुसरा नव्हता. येळ्ळूरहून सायकलवर यायचो, तर सायकल करकरायची. डब्यात चार भाकऱ्या असायच्या आणि पाचवी कुणाकडून तरी मिळायची. साचे ओतायच्या दिवशी मात्र माझ्या अंगाची कुणी थट्टा करत नसे. वितळलेलं लोखंड, ज्याला आम्ही रस म्हणतो, ते भरलेलं भांडं लांब दांड्यात अडकवून दोघांनी उचलायचं आणि साच्यांपर्यंत न्यायचं. पुढच्या टोकाला खासबागचे अण्णा, मागच्या टोकाला मी. अण्णा माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, अंगानं वाळके. ओतताना भांडं कलवायचं काम मागच्याचं, म्हणजे माझं. सात वर्षं आमची जोडी होती.

पोटाचं दुखणं मी बरीच वर्षं सोडा पिऊन ढकललं. शेवटी सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अल्सरनं पोटाचं खालचं तोंडच बंद झालंय. त्यांनी पोटाचा निम्म्याहून जास्त भाग कापून काढला. आता वजन उतरावं म्हणून लोक मुद्दाम पोट लहान करून घेतात असं ऐकतो. त्या काळी आमच्याकडं असं कुणी ऐकलं नव्हतं. माझं मात्र दोन्ही झालं. पोट लहान झालं आणि अंग उतरलं. जुन्या शर्टात माझ्यासारखे दोघे मावले असते.

घरी सोडताना डॉक्टरांनी मूठ वळून दाखवली. "पोट आता एवढंच. दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं खा. जेवताना पाणी नको. तीन महिने काही उचलू नका."

मी विचारलं, "आणि भट्टीपुढं उभं राहिलो तर?"

"उन्हात फिरू नका," एवढंच ते म्हणाले. फाउंड्री त्यांनी पाहिली नव्हती. मला हसू आलं आणि टाके दुखले.

चार महिन्यांनी, ऐन चैत्रात मी कामावर गेलो. मेस्त्रींनी मला वाळू चाळायला बसवलं. बसून करायचं काम, पण वर पत्रा आणि बाजूला भट्टी. घरी पथ्यामुळं चहा बंद होता; इथं पहिल्याच दिवशी दहाचा चहा प्यायलो आणि थोड्या वेळानं छाती धडधडायला लागली. घाम फुटला, पाय पाण्यासारखे झाले. सगळे म्हणाले, उष्णता सोसवत नाही. मेस्त्रींनी धावतपळत लिंबाचं सरबत आणलं, चांगली मूठभर साखर घालून. ते पिऊन मी वाळूच्या ढिगावर आडवाच झालो. आठवडाभर हेच. मलाही वाटायला लागलं, की भट्टीचं काम संपलं आपलं.

कोडं सोडवलं ते बायकोनं. रविवारी शेजारी बारसं होतं. तिथं वाटीभर शेवयाची खीर खाऊन मी घरी आलो आणि सोप्यात बसलो, तर तीच धडधड, तोच घाम. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अवो, हितं कुठली भट्टी हाय?"

मला लगेच कळलं नाही. ती म्हणाली, "ह्ये गोडानं हुतंय. चा गोड, सरबत गोड, खीर गोड. भट्टीला कशाला नावं ठेवताय?"

डॉक्टरांना जाऊन सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. पोट पुरेसं राहिलं नाही, त्यामुळं गोड एकदम खाली आतड्यात उतरतं, म्हणाले. बायकोला म्हणाले, "तुम्ही बरोबर ओळखलंत." परतीच्या वाटेवर ती बसमध्ये खिडकीशी ताठ बसली होती, ती येळ्ळूर येईपर्यंत.

त्या दिवसापासून माझ्या डब्याची तऱ्हा बदलली. पाव-पाव भाकरी आणि कोरडी डाळ, अशी चार पुडकी. एक फिरकीचा तांब्या मीठ घातलेल्या पातळ ताकाचा, एक पाण्याचा. तहान लागली म्हणून घटाघटा प्यायला पोटात जागा नव्हती, आणि न पिऊन त्या धगीत चालणार नव्हतं. म्हणून मी हिशोबच बांधला. एक साचा भरून झाला की दोन घोट. तहान असो नसो, दोन घोट. खाल्ल्यावर अर्धा तास तांब्याला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत मी वाळूवरून उठून साचे भरायला लागलो. महिन्याभरात पूर्वीइतकेच साचे भरत होतो.

मग मी अण्णांना म्हणालो, "गुरुवारी ओतायला येतो. माझी बाजू मला द्या."

अण्णांनी बिडी विझवली. "न्हाय रं."

"मेस्त्री हो म्हणालेत."

"मेस्त्री दांडा धरनार न्हाईत. मी धरनार हाय. तू पडलास तर रस माझ्या पायावर येनार. मला तीन पोरी हायत लग्नाच्या. तुझ्यावर राग न्हाय माझा, पर भ्या वाटतंय."

मला लागलं. सात वर्षांची जोडी, आणि तोंडावर भीती वाटते म्हणतात. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण सायकल मारताना विचार केला, की मी त्यांच्या जागी असतो तर काय म्हणालो असतो? तेच म्हणालो असतो.

तिसऱ्या दिवशी मी रिकामं भांडं अंगणात काढलं आणि ओल्या वाळूनं भरलं. अण्णांना म्हटलं, "रसाचं सोडा. ह्ये उचलाल का माझ्याबरोबर?"

त्यांनी भांड्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. दुपारचे साडेबारा, ऊन नुसती आग ओकत होतं. "आत्ता? उन्हात?"

"उन्हातच. सावलीत उचलून काय कळणार तुम्हाला?"

त्यांनी दांडा धरला. अंगणात दहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा. बाकीचे दारात उभं राहून हसायचे, की ह्यांची वाळूची वरात निघाली. तीन आठवडे हे चाललं. माझा दम वाढला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की चक्कर यायच्या आधी अंग काय सांगतं ते मला ओळखता यायला लागलं. आधी ओठांना मुंग्या, मग कानात गुणगुण. त्यानंतरही वीसतीस पावलांची सवड मिळते.

हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तवाच सांगायचं. लाजायचं न्हाय. 'ठेव' म्हनू नको, हितं दिवसभर सगळीच ठेव ठेव करत्यात. 'साकु' म्हन." कानडीत पुरे म्हणायचा हा शब्द मेस्त्रींच्या तोंडी असायचा. "तू साकु म्हनलास की मी भांडं टेकवनार. का म्हनून इचारनार न्हाय."

पुढच्या गुरुवारी आम्ही रसाला उभे राहिलो. भट्टीचं तोंड फोडलं, पांढरीपिवळी धार भांड्यात पडली आणि तोंडावर ती जुनी धग आली. मला तर ती ओळखीची वाटली. पहिलं भांडं नेलं, चार साचे ओतले. हात जरासुद्धा हलला नाही. दुसरं, तिसरं. चौथ्याला निम्म्या वाटेत ओठांना मुंग्या आल्या. क्षणभर मनात आलं, पंधरा पावलं तर आहेत, काढू रेटून. सगळे बघत होते.

"साकु," मी ओरडलो.

अण्णांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. दोघांनी मिळून भांडं अलगद वाळूवर टेकवलं. मेस्त्रींनी दुसरी जोडी बोलावली, ते भांडं घेऊन गेले. मी दाराशी बसलो, ताकाचे दोन घोट, थोड्या वेळानं आणखी दोन. मला वाटलं, झालं, आता अण्णा कसले परत येतायत.

दहा मिनिटांनी ते समोर आले. गमछ्यानं मान पुसत म्हणाले, "झालं का न्हाय बसून? अजून चार भांडी ऱ्हायल्यात."

"भ्या गेलं का?"

"गेलं की. सांगतोस म्हनल्यावर कशाचं भ्या?"

उरलेली चारही भांडी आम्ही दोघांनी ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी साचे फोडले, तेव्हा मेस्त्री हातोडी घेऊन एकेका पंपाच्या कवचावर टकटक करत चालले होते. तडा गेलेला माल बद्द वाजतो. आमची रांग संपेपर्यंत एकही बद्द वाजलं नाही. अण्णा कान देऊन उभे होते. मग ते वाळू भिजवायला गेले आणि मी पहिला साचा भरायला घेतला.