शिट्टी ऐकून घेतलेली बोअर

दुष्काळात माझं संशोधन मात्र जोरात चाललं होतं, हे आठवलं की अजून किळस येते. दूर कुठं वीज पडली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. त्यातल्या काही वर चढतात, पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून विद्युतभारित कणांच्या विरळ प्लाझ्मातून जातात आणि पार दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत बारीक सूर पुढं निघून जातो, जाड सूर मागं रेंगाळतो. हेडफोनमध्ये त्याची उतरत जाणारी शिट्टी होते. ती मला टिपायची होती.

औरंगाबादेत ते जमेना. रोज नवी कॉलनी, नव्या तारा, आणि कानात नुसता विजेचा घूं आवाज. म्हणून पिशोरला मामाच्या शेतात त्या लहरी पकडायला तारेची चौकट उभी केली. विहिरी आटलेल्या, मोटारी बंद. पहाटे मला हवी तशी शांतता मिळायची.

मामा गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून शेतं फिरायचा; नारळ उभा राहिला की तिथं पाणी. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. त्या साली गाव मिळून एकच बोअर घेणार होतं, आणि मामाचा नारळ नाल्याकाठी उभा राहिला होता.

तेवढ्यात माझे गाईड, विद्यापीठातले मोठे प्राध्यापक, काम बघायला आले. मामानं कोंबडं कापलं. जेवणानंतर शेतात चौकटीपाशी मी टेपवर पकडलेली शिट्टी सगळ्यांना ऐकवली.

एका शेजाऱ्यानं विचारलं, "साहेब, हा आवाज खालच्या पान्याचा व्हय?"

दात कोरत सर म्हणाले, "असू शकतो. घ्या की इथंच बोअर."

मी तिथल्या तिथं सांगितलं, की आवाज वरून येतो, विषुववृत्तापलीकडं समुद्रावर पडणाऱ्या विजेचा; पाऊस आहे, पण दुसऱ्याचा. सर नुसते हसले. मामानं मलाच झापलं.

"तू गप ऱ्हाय. इतके शिकलेले साहेब खोटं बोलतील व्हय? माझ्या नारळाला काय कळतंय?"

परतताना जीपमध्ये सरांना विचारलं, असं का सांगितलंत?

"अहो, त्यांना बरं वाटतं. कुठंतरी खोदणारच होते ना?"

त्यांच्या मिशीला रस्सा लागला होता.

बोअर माझ्या चौकटीशेजारीच घेतली. आधी माती आली, मग पांढरा फुफाटा, आणि शेवटपर्यंत फुफाटाच. नाल्याकाठी पाणी लागलं असतं की नाही, देव जाणे. पण टँकरला निघालेल्या बाया मामाच्या दारावरून जाताना थुंकायच्या. मामानं पाणी बघणं सोडलं. माझ्या शिट्ट्या त्या वर्षी झकास मिळाल्या.

पुढं सरांनी शहराबाहेर प्लॉट घेतला. एकदा मला चहाला बोलावलं.

"बंगल्याला बोअर घ्यायचीय. तुमच्या मामांना बोलवा ना. म्हणावं, नारळ घेऊन या."

"चौकट लावून बघा की सर."

"चेष्टा नको. इथं मला राहायचंय."

मी म्हटलं, "मामांनी नारळ सोडला, सर. तुम्ही त्यांचं कोंबडं खाऊन गेलात, तेव्हापासून."

सरांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.